आमचा कुत्रा पिसाळला नव्हता

"ते कुत्रं पिसाळलं हुतं," असं माझ्या माहेरी अजून सांगतात. बारशाला, लग्नाला चार माणसं जमली आणि माझ्या उजव्या हाताकडं कुणाचं लक्ष गेलं, की कुणीतरी सांगतंच. पिसाळलं म्हणे! अहो, पिसाळलेलं कुत्रं पाणी बघून लांब पळतं. आमचा कुत्रा म्हशींच्या हौदावर पुढचे पाय टेकून पाणी प्यायचा. दम लागला की थांबायचा आणि परत प्यायचा. सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. पण एकदा पिसाळलं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याचं नाव मीच ठेवलं होतं. ते इथं लिहिणार नाही. ओठावर आलं की माझा सगळा दिवस नासतो.

आमचं घर शिवाजी पेठेत. पुढं राहायच्या दोन खोल्या, मागं गोठा, गोठ्याला लागून वैरणीची खोली. माझे वडील, म्हणजे आबा, सकाळ-संध्याकाळ म्हशी दारात आणून बांधायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढायचे. कोल्हापुरात यात नवल काही नाही. तालमीतली पोरं, फिरायला निघालेले म्हातारे, परगावचे पावणे, सगळे तिथंच उभं राहून फेसाचा पेला तोंडाला लावायचे. त्या गर्दीतच आमचा कुत्रा वाढला. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना दादानं, माझ्या थोरल्या भावानं, तो वैरणीच्या गाडीवाल्याकडून आणला. शर्टाच्या आत घालून आणला. "धर बारके, तुला," म्हणाला आणि माझ्या ओटीत टाकला.

दादा म्हणजे माझा जीव. आबा मला बारावीनंतर घरी बसवणार होते, तेव्हा भरल्या ताटावरून उठून दादानं सांगितलं होतं, "ती कॉलेजला जाणार न्हाय, तर मीबी गोठ्यात पाय ठेवणार न्हाय." आबांसमोर आमच्या घरात मांजरसुद्धा आवाज काढत नसे. त्या घरात दादा माझ्यासाठी बोलला. मग मी त्याच्यावर विश्वास ठेवू नको तर कुणावर ठेवू?

कुत्रा तांबूस रंगाचा, एक कान सदा पडलेला. त्याची एक सवय होती. हातातलं खाणं तो ओठांनी उचलायचा. भाकरीचा तुकडा धरा, बिस्किट धरा, आधी माझ्याकडं बघायचा, मग मान वाकडी करून अलगद ओढून घ्यायचा. बोटाला कधी दात लागू द्यायचा नाही. शेजारच्या लहान पोरी मुद्दाम यायच्या त्याला भरवायला. मला तर वाटायचं, आमच्या घरातल्या माणसांपेक्षा याला जास्त रीतभात आहे.

आणि सगळ्यांशी गोड. दिवसातून दोनदा अनोळखी माणसं दारात येणार, त्याला पुचकारणार, पेल्यातला उरलेला फेस चाटायला देणार. भुंकायचं कुणावर? त्याच्या लेखी जो येईल तो घरचाच.

तिथंच घात झाला. एका थंडीत गोठ्यातल्या दुधाच्या पितळी किटल्या चोरीला गेल्या. सकाळी उठून बघतो तर खुंट्या रिकाम्या, आणि आमचा कुत्रा शेपूट हलवत दारात बसलेला. आबा दोन दिवस धुसफुसले आणि अॅल्युमिनियमच्या किटल्या घेऊन आले. विषय संपला असता. पण पेठ ती पेठ! "काय हो, तुमच्या कुत्र्यानं चोराला रिक्षात बसवून दिलं म्हणं?" "जाताना टाटा केला की न्हाय त्यानं?" दूध प्यायला येणारा प्रत्येक जण काहीतरी टोमणा मारूनच पेला खाली ठेवायचा. दादा तालमीत जायचा, तिथं तर विचारूच नका. फुटबॉलची मॅच हरली तरी पोरं म्हणायची, "ह्यांच्या घरातलं कुत्रंबी मवाळ, ह्यो काय गोल अडवणार?" आमच्याकडचा माणूस मार खाईल, उपाशी राहील, पण चेष्टा पचवणार नाही. दादाला ती फारच लागली. मला दिसत होतं ते. पण पुढं त्यानं काय केलं, ते दिसलं नाही.

शिमग्याच्या आसपास कुत्रा बदलायला लागला. आधी तो हौदावर पाणी प्यायला लागला. मग अंगणातल्या ओल्या फरशीवर पोट टेकून तासन् तास पडायला लागला. गवत खायचा, ओकायचा. मी कॉलेजातून आले की पूर्वी कोपऱ्यापर्यंत धावत यायचा, आता वैरणीच्या खोलीमागून नुसता बघायचा. ताटलीचा आवाज आला की अंग आखडायचा. दाराशी आलेल्या गिऱ्हाइकांवर दात काढायला लागला. रोजचे म्हातारे लांब उभे राहून पेला मागायला लागले.

"आता कसा वाघ झालाय बघ," दादा म्हणायचा.

"दादा, त्याला काहीतरी होतंय," मी म्हणायची. "डॉक्टरला दाखवू या."

"काय होत न्हाय गं. वयात आलंय ते. राखणीचं कुत्रं असंच असतंय."

मी ऐकलं. दादा सांगतोय म्हटल्यावर ऐकायचंच होतं.

मग बेंदूर आला. आमच्याकडं बेंदराला जनावरांची आंघोळ, शिंगांना रंग, आणि माणसाआधी जनावराला पुरणपोळी. म्हशींचं झालं की मी दरवर्षी कुत्र्याला माझ्या हातानं भरवायची. त्या दिवशी मी पोळीचा तुकडा दुधात भिजवला, त्याचा मऊ गोळा केला आणि त्याच्यासमोर उकिडवी बसले. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. गोळ्याकडं बघितलं. मागं सरकला, भिंतीला टेकला. "घे की, शहाण्या," मी म्हणाले आणि हात आणखी पुढं नेला.

त्यानं हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी. धरून झटका दिला, मग सोडून आपणच कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहिला. पोळी तशीच शेणात पडली.

आबा काठी घेऊन धावले. कुत्र्याचं ओरडणं ऐकून सगळी गल्ली जमली. मला दुखत होतं, रक्त गळत होतं, आणि मी वेड्यासारखी एकच बडबडत होते, "मला चावला? मला?" दुसऱ्या कुणाला चावला असता तर मी त्याची बाजू घेऊन भांडले असते. पण माझा हात! ज्या हातानं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, तो हात! सख्ख्या माणसानं थोबाडीत मारावी तसं झालं मला.

सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. ज्यांनी घेतलीत त्यांना सांगायला नको. एक खेप सोडली तर दर वेळी दादा सायकलवरून न्यायचा, बाकावर शेजारी बसायचा, माझं डोकं खांद्यावर घ्यायचा. "इमान नसतंय गं कुत्र्याला," म्हणायचा. "आपलं समजून जीव लावायचा, आणि ते एक दिवस असं करतंय." मी रडायची आणि मान हलवायची.

राग होता, तरी मला एक कळत होतं, की हा आजारी आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, कुत्रा बांधून ठेवा, पाणी पितोय का बघा, मारू नका. आमच्या म्हशींना बघायला जनावरांचे डॉक्टर यायचे. मी आबांपुढं उभी राहिले. आमच्याकडं पोरीबाळीही "आलो", "गेलो"च म्हणतात, तेव्हा बाहेरच्यांनी दचकू नये. मी म्हणाले, "आबा, मी डॉक्टरला घेऊन येतो. ते बघंपर्यंत त्याला कुठं न्यायचं न्हाय. त्यांनी ठेवू नका म्हटलं, तर मी एक शब्द बोलणार न्हाय." आबांनी माझ्या पट्टीकडं बघितलं. काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "बरं. डॉक्टर बघंपर्यंत दावं सुटणार न्हाय." आबांचा शब्द म्हणजे शब्द. डॉक्टर परवा येणार होते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आईबरोबर गेले, कारण दादाला म्हणे काम होतं. परत आले तर गोठ्यात दाव्याचा तुकडा लोंबत होता. आबा कपाळाला हात लावून बसलेले. दादानं त्यांना न विचारता कुत्रा पेंडीच्या टेंपोत घालून नेला होता.

संध्याकाळी दादा आला. मी अंगावर धावून गेले त्याच्या. त्यानं माझे दोन्ही खांदे धरले. "ऐक बारके. मलकापूरजवळ माझ्या मित्राचा मळा हाय. तिथं सोडलंय. मोकळं रान, वगळीचं वाहतं पाणी, सावली. हितं राहिलं असतं तर आबांनी एक दिवस काठीनं मारून टाकलं असतं त्याला. तुझ्यासाठी केलं मी." आणि मी, शहाणी, त्याच्या गळ्यात पडून रडले. उपकार मानले त्याचे! भेटायला जाऊ या म्हटलं की म्हणायचा, "तुला बघितलं की जुनं आठवंल त्याला. राहू दे, मजेत हाय." काही वर्षांनी म्हणाला, "म्हातारं होऊन गेलं." त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी शाहूपुरीत आले. नवऱ्याचं दुकान, वर घर. दुकानासमोर एक कुत्री पडलेली असायची, गरीब. ती शेपूट हलवत जवळ आली की मी हात पदरात घ्यायची. माणसापेक्षा कुत्रं इमानी असं कुणी बोलायला लागलं की मी उठून आत जायची. मला माहीत होतं ना कुत्र्याचं इमान! माझ्या हातावर लिहिलेलं होतं. आणि भावाचं प्रेम कसं असतं, हे मात्र मी जावांना, नणंदांना तोंड भरून सांगायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भाऊबीज होती. आबा तोवर गेले होते. दादाच्या कमरेला मोबाइल आला होता, गोठा लहान झाला होता, पण दूध चालू होतं. मी दुपारच्या जेवणाला माहेरी गेले. आई स्वयंपाकघरात ओवाळणीचं ताट लावत होती, पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. "दादा कुठाय?" म्हटलं तर आई म्हणाली, "मागं असंल, वैरणीच्या खोलीत. नवीन पिल्लू आणलंय."

मी हौसेनं गेले. दादा उकिडवा बसलेला. दोन गुडघ्यांत एक काळं पिल्लू दाबून धरलेलं. शेजारी ताटलीत भाकरीचे चार गोळे, लालभडक. आमची वर्षाची चटणी, कांदा-लसणीची, जिचा वास घेतला तरी पावण्यांना ठसका लागतो, ती नुसती कुस्करून भाकरीत कालवलेली. दादानं एक गोळा पिल्लाच्या तोंडात कोंबला आणि वरून जबडा दाबून धरला. पिल्लाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागचे पाय हवेत झाडत होतं.

"हे काय करतोयस?"

"तिखट करतोय त्याला," तो हसत म्हणाला. "नुसतं लाड केले तर कुत्रं मवाळ हुतंय. तालमीतल्या म्हाताऱ्यांचा इलाज हाय ह्यो. चटणी पोटात गेली की रक्त तापतंय, राखणीला एक नंबर. आपल्या पहिल्यालाबी असंच केलतं की. तू कॉलेजला गेलीस की दुपारचं. लई ताकद हुती गड्यात, ह्या दाराला कडी लावून धरायला लागायचा."

मी दाराची चौकट धरली. दुपारचं. कडी लावून. म्हणून तो हौदावर. म्हणून ओल्या फरशीवर पोट. म्हणून ताटलीचा आवाज. आणि मी बेंदराच्या दिवशी पोळीचा गोळा करून, हातात धरून, भिंतीला टेकलेल्या त्याच्या तोंडापाशी नेला होता! अगदी दादासारखा. त्यानं माझ्याकडं बघितलंच नव्हतं. त्यानं गोळा बघितला होता. इतकी वर्षं मी त्याला बेइमान म्हणत आले. मेल्या कुत्र्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

"मलकापूरचा मळा?" मी विचारलं.

"कसला मळा?" दादा पुढचा गोळा उचलत म्हणाला. "मलकापूरच्या पुढं सोडलं, घाटाच्या अलीकडं. बराच वेळ पळत आलं टेंपोच्या मागनं." मग माझं तोंड बघून त्याच्या लक्षात आलं असावं. "अगं, काय करणार मग? तू डॉक्टर आणणार हुतीस. त्यानं तोंड उघडून बघितलं असतं, आतनं सगळं सोललेलं हुतं. आबांना कळलं असतं. आबांचा हात कसा हुता, ठाऊक न्हाय व्हय तुला? मला गोठ्यातच गाडला असता."

म्हणजे एवढंच. आबांच्या दोन थोबाडीत चुकवायला. माझ्यासाठी नाही, कुत्र्यासाठी नाही. दवाखान्याच्या बाकावर माझं डोकं खांद्यावर घेऊन "इमान नसतंय" म्हणत होता, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. सुया माझ्या पोटात जात होत्या आणि हा मला समजावत होता! कुणी परक्यानं गळा कापला तर माणूस ओरडतो तरी. केसानं कापला की ओरडायचंही कळत नाही.

आवाज ऐकून आई आली. ताटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सणासुदीचं काय काढलाय रं? झालं गेलं ते," म्हणाली.

"आई, तुला माहीत होतं?"

ती पदराला हात पुसत राहिली. "चटणीची बरणी शिमग्यालाच तळाला गेली, तवाच कळलं. म्हटलं, पोरगा हाय, करतोय कायतरी. दारूबिरू तर पीत न्हाय. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

घेतलं असतं! घेतलंच असतं डोक्यावर! म्हणून तर सांगायला पाहिजे होतं. एका घरात चार माणसं. कुत्र्याला काय होतंय हे दोघांना माहीत, आणि जी विचारत फिरत होती तिलाच कुणी सांगितलं नाही.

"दादा," मी म्हणाले, "त्यो चावा तुझा हुता. मी घेतला."

"येडी हायस काय तू? एका कुत्र्यापायी..."

मी पुढं होऊन पिल्लू त्याच्या गुडघ्यांतून ओढून काढलं. तो इतका चकित झाला की त्यानं सोडलं. पिल्लू पदरात गुंडाळलं, पिशवी उचलली आणि घरातून चालत बाहेर पडले. मागून आई, "अगं, भावाला न ओवाळता जातीस? लोक काय म्हणतील?" दादा दारापर्यंत आला. कपाळ कोरं, डोक्यावर ओवाळून घ्यायला घातलेली टोपी. "बारके! ए बारके! चेष्टा पुरं झाली आता!" गल्लीतले लोक बघत होते. मी कोपऱ्यावरच्या रिक्षात बसले आणि शाहूपुरी म्हणाले.

त्याला परत कधी ओवाळलं नाही. आई होती तोवर जात-येत राहिले. दादाशी बोलते, पाणी हवं का, जेवला का, एवढं. त्याला अजून वाटतं मी एका कुत्र्यापायी तोडलं. वाटू दे.

पण सांगायचं राहिलं ते रिक्षातलं. पिल्लू माझ्या मांडीवर बसून तोंड उघडं टाकून धापा टाकत होतं. जीभ लाल. पिशवीत मी माहेरी द्यायला नेलेला फराळाचा डबा तसाच होता. मी एक शंकरपाळी काढली, तळहातावर ठेवली आणि त्याच्यासमोर धरली. एवढंसं ते पिल्लू, दुधाचे दात. माझ्या हाताकडं बघून मागं मागं सरकलं, सीटच्या कोपऱ्यात अंग चोरलं आणि गुरगुरलं.

मी हात मागं घेतला. शंकरपाळी सीटवर ठेवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. बऱ्याच वेळानं मागं कुरकुर वाजलं. मी वळून बघितलं नाही, त्याला खाऊ दिलं.